स्वप्नांची कीर्द

या सदरातून मी सहसा ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशा रुक्ष विषयांवर लिहीत असतो. लॉकरविषयीच्या मागील लेखावर काही वाचकांनी पत्रे पाठविली आहेत. त्यांची उत्तरे पुढील अंकात देईन. या वेळचा विषय वेगळा आहे, आणि त्यावर लिहावे की लिहू नये याचा मी बराच काळ विचार केला. आयुष्यभर बँकेत आकडे तपासलेला माणूस उतारवयात स्वप्नांविषयी लिहू लागला, तर वाचकांनी मनात काय म्हणावे हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो.

झोपेत, स्वप्न चालू असतानाच, ‘हे स्वप्न आहे’ असे कधीकधी माणसाला उमगते. इंग्रजीत अशा स्वप्नाला ल्युसिड ड्रीम म्हणतात. मी त्याला सजग स्वप्न म्हणतो. हा प्रकार फार दुर्मीळ नाही. पन्नास वर्षांतील पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडलेले असते, आणि महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडणारे सुमारे २३ टक्के असतात. ज्यांना ते आपोआप पडत नाही, त्यांना ते शिकता येते. शिकण्याची रीत दोन पानांत मावेल एवढी सोपी आहे. अवघड आहे ते त्यात टिकून राहणे. माझ्या परिचयातील तिघांनी माझे पाहून आरंभ केला आणि महिनाभरात सोडून दिले. मी स्वतः दोनदा सोडले होते. म्हणून येथे रीतीपेक्षा टिकण्याविषयीच अधिक लिहिणार आहे.

मला हवेत उडण्याची किंवा हिमालय पाहून येण्याची हौस नव्हती. मला एक जुने स्वप्न पडते. संध्याकाळचे सात वाजले आहेत, शाखेचे अर्धे दिवे मालवले आहेत, डे-बुक समोर उघडे आहे आणि रोकड जुळत नाही. शिपाई शटरपाशी उभा आहे. समोरच्या खुर्चीत कॅशियर मान खाली घालून बसला आहे. मी बेरीज करतो, पुन्हा करतो, आणि दर वेळी उत्तर निराळे येते. ज्यांनी संगणकापूर्वीच्या काळात बँकेत नोकरी केली, त्यांपैकी अनेकांना हे स्वप्न परिचित असेल. पेन्शनरांच्या बैठकीत तो आमचा थट्टेचा विषय आहे. माझ्या बाबतीत मात्र त्या खुर्चीतला माणूस दर वेळी तोच असतो.

नव्वदच्या दशकात एका ग्रामीण शाखेत खरोखरच पाच हजार रुपयांची तूट आली होती. नियमाप्रमाणे ती कॅशियरने भरून दिली. पत्नीची पाटली गहाण ठेवून त्याने पैसे आणले, हे मला शिपायाकडून कळले. चार महिन्यांनी तपासणीच्या वेळी एक व्हाउचर आदल्या दिवसाच्या गठ्ठ्यात सापडले. पैसे दिले गेले होते, पण नोंद राहिली होती. तो गठ्ठा मी बांधला होता. कॅशियरला त्याचे पाच हजार परत मिळाले; तोवर त्याची बदली झाली होती. पत्र कार्यालयीन भाषेत गेले. व्हाउचर कोणाच्या गठ्ठ्यात सापडले, हे त्यात नव्हते आणि मीही ते कधी सांगितले नाही. दर वर्षी पर्युषणानंतर ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागितली. त्या एका माणसाची नाही. तीन वर्षांपूर्वी तो वारला.

माझी भाची मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दोन वर्षांपूर्वी सुटीत ती हिंगण्याला आली असता, बोलता बोलता मी तिला बेरजेचे स्वप्न सांगितले. कॅशियरचे नाही, फक्त बेरजेचे. ती म्हणाली, “मामा, ती बेरीज जुळणारच नाही. स्वप्नात आकडे टिकत नाहीत. एकदा वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा; बदललेले असतील. तुम्हाला दर वेळी खूण मिळते आहे, आणि तुम्ही चूक शोधत बसता!” मी थक्क झालो. इतक्या वर्षांच्या त्या छळाचा उलगडा एका वाक्यात झाला होता. त्या खुणेच्या आधारे एकदा जरी जाग राखता आली, तर समोरच्या माणसाशी बोलता येईल, हा विचार त्याच रात्री माझ्या मनात आला.

यात काही गूढ नाही, एवढे सांगण्यापुरते शास्त्र येथे देतो. स्वप्ने मुख्यतः झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, त्यात बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि बाकीचे शरीर जवळजवळ निश्चल असते. सुमारे दीड तासाच्या चक्राने हा टप्पा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये नेमका याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या गृहस्थांना त्यांनी सांगून ठेवले होते, की स्वप्नात आहोत हे कळताच डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. यंत्राने वर्स्ली झोपेत असल्याचे दाखवले आणि कागदावर ती खूणही उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना आठ वजा सहा अशा तऱ्हेची गणिते विचारली, आणि काहींनी डोळ्यांच्या हालचालींनी अचूक उत्तरे दिली. झोपेतही वजाबाकी बिनचूक होऊ शकते, हे वाचून माझ्यातील बँक अधिकारी सुखावला, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या दोन दिवस आधी मी लोकमान्य नगरहून मेट्रो धरली आणि इतवारीतून लाल कापडी बांधणीची एक वही आणली. तिच्यात स्वप्नांची कीर्द सुरू केली. जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, आठवेल तेवढे लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोन तुकडे मिळाले: एका स्वप्नातली ओली छत्री आणि दुसऱ्यातला, कोणाचा ते न कळलेला, एक आवाज. वयानुसार स्वप्ने कमी आठवतात हे खरे आहे. पण लिहिण्याच्या सवयीने ती परततात, हेही खरे आहे. पौष उजाडेपर्यंत पाचांपैकी तीन सकाळी काही ना काही लिहिण्याजोगे असे.

दिवसा करण्याचे काम निराळे होते. जिथे आकडा दिसेल तिथे तो वाचायचा, नजर वळवायची, पुन्हा वाचायचा आणि मनापासून विचारायचे, मी आता जागा आहे ना? एमआयडीसीकडे जाणाऱ्या बसचा क्रमांक, विजेचे देयक, दुधाच्या पिशवीवरील तारीख. सौ. म्हणाल्या की दुधाची तारीख दोनदा वाचणारा नवरा त्यांना चाळीस वर्षांपूर्वी हवा होता. यातला धोका असा, की आठवड्याभरात ही क्रिया यांत्रिक होते. नमस्कार जसा तोंडाने होतो आणि मन भाजीच्या पिशवीत असते, तसे. प्रश्न खरोखर विचारला गेला नाही, तर स्वप्नातही तो पोकळच राहतो आणि आपण बदललेला आकडा पाहूनही पुढे जातो.

रात्रीची रीत लाबर्ज यांची आहे. चार-पाच तास झोप झाल्यावर जाग आली की नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, ‘पुढील स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे’ असा संकल्प करायचा आणि त्या स्वप्नात ती खूण ओळखताना स्वतःला पाहत पुन्हा झोपी जायचे. तरुणांना यासाठी गजर लावावा लागतो. आमच्या वयाला निसर्गच तीनच्या सुमारास उठवतो. ज्या जागेपणाबद्दल मी वर्षानुवर्षे कुरकुर केली, तो प्रथमच उपयोगी पडला. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि लवकर निजणे यांचाही लाभ झाला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे अ‍ॅस्पी यांनी केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दिवसाची तपासणी, रात्रीची जाग आणि हा संकल्प असे तिन्ही करणाऱ्यांना एका आठवड्यात सुमारे १७ टक्के वेळा यश आले. संकल्पानंतर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४६ टक्के होते. तात्पर्य, झोप मोडून संकल्पाची घोकंपट्टी करणे व्यर्थ आहे. मी आठवड्यातून दोनच रात्री हा अभ्यास करतो. ज्यांची झोप आधीच अपुरी आहे त्यांनी यात पडू नये, आणि मनोविकारावर उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज तर मुळीच नाही.

असे सर्व करूनही माघ अर्धा सरला, तरी काही घडले नाही. त्याआधी मार्गशीर्षात लग्नसराईमुळे एकोणीस दिवस वही उघडलीच नव्हती. आता तर ती इतर कागदांखाली गेली. सोडून देण्यास सबळ कारण असे नव्हते; आज नाही, उद्या, एवढेच.

ती पुन्हा वर काढली गेली, ती दोन परदेशी गृहस्थांच्या आकड्यांमुळे. एर्वे द सँ-दनी हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच विद्वान, चिनी भाषेचे अभ्यासक. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी स्वप्नांची वही सुरू केली, आणि पुढे १८६७ मध्ये स्वतःचे नाव न घालता या विषयावर पुस्तक छापले. त्यांना पहिले सजग स्वप्न पडले ते नोंदवहीच्या २०७व्या रात्री. दोनशे सहा रात्री हा मुलगा मुकाट्याने लिहीत राहिला होता! त्यानंतर सहा महिन्यांनी पाच रात्रींत सरासरी दोनदा, वर्षाने चारांत तीनदा आणि पंधरा महिन्यांनी जवळजवळ रोज त्यांना तसे स्वप्न पडू लागले. दुसरे नाव फ्रेडरिक व्हॅन एडन यांचे. हे डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ. ल्युसिड ड्रीम हा शब्द रूढ केला तो त्यांच्या १९१३ च्या निबंधाने. जानेवारी १८९८ ते डिसेंबर १९१२ या काळात त्यांनी अशी ३५२ स्वप्ने नोंदविली. आकडा मोठा वाटतो. भागाकार केला तर महिन्याला दोन भरतात. ज्याने या गोष्टीला नाव दिले, त्यालाही महिन्यातील अठ्ठावीस रात्री रित्याच जात होत्या.

हा भागाकार केला त्या दिवशी मी सत्त्याण्णवाव्या रात्रीवर होतो. एकदम हलके वाटले. माझी अपेक्षाच चुकीच्या दराने लावलेली होती. आवर्ती ठेवीच्या खातेदाराने चौथ्या महिन्यात येऊन मुदतपूर्तीची रक्कम मागावी, तसे माझे चालले होते.

त्यानंतर वहीत दोन बदल केले. एक म्हणजे रित्या दिवसाचीही नोंद करायची. ‘स्वप्न आठवत नाही’ हे तीन शब्द लिहायचे आणि तारीख टाकायची. शाखेत एखाद्या दिवशी एकही व्यवहार झाला नाही, तरी डे-बुक त्या दिवसापुरते बंद करावे लागतेच. पान कोरे सोडले की दुसऱ्या दिवशी ते उघडण्याची लाज वाटते, आणि लाजेतूनच वही कपाटात जाते. दुसरा बदल म्हणजे महिनाअखेरीस सजग स्वप्नांची संख्या मोजणे बंद केले. आठवलेल्या स्वप्नांची आणि त्यांत वारंवार येणाऱ्या गोष्टींची मोजणी सुरू केली. चार महिन्यांत कुलपे एकवीस वेळा आली होती, वडील नऊ वेळा, आणि कॅशियर सहा वेळा. सजग होणे साधले नसते तरी हा ताळेबंद मला इतरत्र कोठे मिळाला नसता.

याच सुमारास त्रिशलामातेच्या कथेकडे मी नव्या दृष्टीने पाहिले. श्वेतांबर परंपरेत तिची स्वप्ने चौदा, दिगंबर परंपरेत सोळा. पर्युषणात चांदीची स्वप्ने उतरवली जातात, बोली लागते, आणि आपले लक्ष हत्ती, वृषभ, सिंह यांवर असते. कल्पसूत्रात त्यापुढे एक लहानसा तपशील आहे. राजा सिद्धार्थाला स्वप्ने सांगून आल्यावर ती पुन्हा झोपली नाही. एखाद्या वाईट स्वप्नाने या शुभ स्वप्नांचे फळ जाऊ नये म्हणून धर्मकथा करीत तिने उरलेली रात्र जागून काढली. जाग आल्याबरोबर ओळीने सांगणे आणि त्यावर दुसरी झोप न चढू देणे: स्वप्न जपण्याची याहून चांगली रीत आजच्या पुस्तकांतही नाही. आपल्या कर्मग्रंथांनी तर झोपेचेच पाच प्रकार केले आहेत. सहज मोडणाऱ्या निद्रेपासून ते झोपेतच कामे करवणाऱ्या स्त्यानगृद्धीपर्यंत. ज्यांनी झोपेचा इतका बारीक विचार केला, त्यांच्या वंशजांनी स्वप्नवही लिहिण्यात संकोच कशाला मानायचा? मराठी मुलखात स्वप्नाचा मान तर थोरच. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला, आणि संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. अर्थात ती स्वप्ने न मागता आली होती. आमचे सगळे अर्ज करून चाललेले.

एकशे त्रेचाळिसाव्या रात्री आकडा बदलला आणि मला ते कळले. डे-बुकात सत्तेचाळीस हजार होते. शटरकडे पाहून मान वळवली, तर एकोणसत्तर हजार. ‘हे स्वप्न आहे!’ असा आनंद इतक्या जोराने उसळला, की त्याच क्षणी डोळे उघडले. पंखा फिरत होता. बाहेरून रात्रपाळीच्या कामगारांना घेऊन येणाऱ्या बसचा आवाज आला.

वाचकहो, खरी कसोटी यापुढे होती. यश मिळण्याआधीची निराशा सोसवते, कारण तिच्यात आशा असते. यश दोन सेकंदांत हातातून गेल्यावर येणारी निराशा निराळी. त्यानंतर सात आठवडे काहीच नाही. दुसऱ्यांदा मी सोडले ते याच काळात, बारा दिवस. पुन्हा बसलो ते केवळ एका कारणाने: मला त्या माणसाला एक वाक्य सांगायचे होते आणि ते सांगून झाले नव्हते. माझे जे परिचित थांबले, त्यांना उडायचे होते किंवा ‘अनुभव घ्यायचा’ होता. उडण्याची हौस दोन महिन्यांत ओसरते. ज्याचे कोणाशी बोलणे राहिले आहे, ज्याला एखाद्या भयस्वप्नात पळण्याऐवजी थांबायचे आहे, किंवा ज्याला गाण्यातली अडलेली जागा तेथे घोळवून पाहायची आहे, तो रिते दिवस सोसतो असे माझे निरीक्षण आहे. आरंभ करण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर आपले काम एका वाक्यात लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर वही विकत घेण्याची घाई करू नये.

मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपतो. खाली कूलर असतो, पण वीज गेली की खोलीची भट्टी होते. उकाड्याने झोप तुटक लागते, आणि तुटक झोपेत स्वप्ने अधिक आठवतात. त्या महिन्यातील एका पहाटे पुन्हा ती शाखा दिसली. आकडा बदलला. या वेळी मी आनंदित झालो नाही; पुस्तकात सांगितल्याप्रमाणे स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळले, आणि दृश्य स्थिर राहिले. टेबलाच्या कडेची उडालेली पॉलिश मला दिसली. कॅशियर शंभराच्या गड्डीला कागदी पट्टी लावत होता. मी म्हणालो, “व्हाउचर माझ्या गठ्ठ्यात होते.” त्याने मान वर केली नाही. अंगठा ओला करून त्याने पुढची गड्डी घेतली. शटरपासून शिपायाने विचारले, “साहेब, ओढू का?” आणि मी जागा झालो. सगळे मिळून पंधरा-वीस सेकंद असतील.

दोन दिवस मी फार आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी उगाच चिडचिड होऊ लागली. भाचीला फोन करून सर्व सांगितले, कॅशियरचेही, प्रथमच. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मामा, तो माणूस तुमच्याच मनाने उभा केलेला होता ना?” तिने टीका म्हणून विचारले नव्हते. पण स्वतःच्या एका खिशातले दुसऱ्या खिशात घातले की देणे फिटत नाही, एवढे मला तिच्याआधी कळायला हवे होते. तथापि, एक गोष्ट झाली होती. जे वाक्य तीस वर्षे तोंडातून निघाले नव्हते, ते एकदा निघाले होते, आणि दुसऱ्यांदा ते तितके जड राहिले नाही.

पेन्शनरांच्या मंडळातून पत्ता मिळवला. जूनच्या पहिल्या पावसानंतर वर्धा जिल्ह्यातील एका गावी बसने गेलो. कॅशियरच्या पत्नीने मला ओळखले नाही. बँकेचे नाव सांगितल्यावर आत बोलावले. मी उभ्यानेच सांगून टाकले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हो, पाटली ठेवली होती तेव्हा. सोडवून आणली मग. पोरीच्या लग्नात मोडली ती.” बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे त्यांनी विचारले, “तुमची पोरं कुठं असतात?” मी सांगितले. “चहा घ्या न भाऊ, थंडा होऊन राहिला.” चहा घेतला. निघताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन बस कुठे मिळेल ते दाखवले.

घरी पोहोचायला रात्र झाली. वही अजून चालू आहे. बेरजेचे स्वप्न अधूनमधून पडते आणि बहुतेक वेळा मी त्यात पूर्वीसारखाच बेरीज करीत बसतो. वर्ध्याहून परतलो त्या रात्रीनंतरची सकाळची नोंद अशी आहे: स्वप्न आठवत नाही.